पुढच्याची पाठ, मागच्याचं ताट

लातूरहून उमरगामार्गे हैदराबाद, तिथून आखातातलं एक विमानतळ आणि पुढे डॅलसपर्यंत सलग सोळा तास. भावाच्या घरी बाळ झालं तेव्हा आईला घेऊन मी हा प्रवास केला. आई पहिल्यांदाच विमानात बसत होती. दुसऱ्या विमानात जेवण आलं. तिनं समोरचं टेबल उघडलं, भाताच्या डब्यावरचा चांदीचा कागद निगुतीनं सोलला, डाळ भातावर ओतली आणि पहिला घास उचलला, तेवढ्यात पुढची खुर्ची दाणकन मागे आली. पेला कलंडला आणि पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. खुर्चीच्या पाठीत बसवलेला पडदा तिच्या कपाळापासून वीत-दीड वीत अंतरावर येऊन थांबला.

"ही खुर्ची मागं कामून यायली?" तिनं मला विचारलं.

"तशीच असते, आई. पुढच्याला झोपायचं असंल."

"अन् मी जेवू कुठं?"

माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. घरी परतल्यावर मी शोधायला लागले, तेव्हा कळलं की या एवढ्याशा गोष्टीवर विमान कंपन्यांचे प्रमुख, कायद्याचे प्राध्यापक आणि न्यायालयं, सगळ्यांनी डोकं चालवलेलं आहे. २०२५ साली कॅनडाच्या वेस्टजेट कंपनीनं जाहीर केलं की तिच्या काही विमानांत स्वस्त वर्गातल्या बहुतेक खुर्च्यांची पाठ आता मागे जाणारच नाही, आणि हा वाद पुन्हा तापला. आपल्याकडे लेकीच्या, सुनेच्या बाळंतपणासाठी परदेशी निघालेले आई-वडील आता गल्लोगल्ली दिसतात. व्हिसा, औषधं, चटणी-लोणच्याची बांधाबांध हे सगळं त्यांना कोणीतरी समजावून सांगतं. खुर्चीबद्दल मात्र कोणी काही सांगत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ओळीचं अंतर म्हणजे काय

विमानवाल्यांचा एक शब्द आहे, 'पिच'. एका खुर्चीवरच्या एखाद्या खुणेपासून पुढच्या खुर्चीवरच्या त्याच खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे पिच. आपण त्याला ओळीचं अंतर म्हणू. सोयाबीन पेरताना दोन ओळींत आपण साधारण ४५ सेंटिमीटर, म्हणजे १८ इंच, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा एक हात ठेवतो. लांबच्या विमानांत स्वस्त वर्गाचं हे अंतर बहुधा ३१-३२ इंच असतं, म्हणजे पावणेदोन हात. कमी भाड्याच्या कंपन्यांत ते २८-२९ इंचांपर्यंत येतं. यात पुढच्या खुर्चीच्या पाठीची जाडीही धरलेली असते. ती वजा केली की आपल्या मांड्या आणि गुडघ्यांसाठी जे उरतं, तेवढंच आपलं.

अंतर कमी का करतात, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. ओळी जवळ आल्या की तेवढ्याच रानात जास्त ताटं बसतात. विमानात ३० ओळी असतील आणि प्रत्येक ओळीतून एक इंच काढला, तर ३० इंच मोकळे होतात. तेवढ्यात आणखी एक ओळ मावते, म्हणजे मधे एकच वाट असलेल्या विमानात सहा तिकिटं जास्त.

खुर्ची मागे जाते तेव्हा काय हलतं

खुर्चीच्या हातातलं बटण दाबलं की आतली तार ओढली जाते, पाठीचं कुलूप सुटतं आणि आपल्या वजनानं पाठ मागे कलते. बटण सोडलं की ती तिथेच अडकते. ट्रॅव्हल्सच्या गाडीतल्या पुशबॅक सीटसारखंच हे काम आहे, फक्त मागे जाण्याची मुभा कमी. जवळच्या विमानांत दोन-तीन इंच, लांबच्यांत पाच-सहा इंचांपर्यंत.

पाठीची बिजागरी खाली, बसायच्या गादीजवळ असते. दार उघडताना बिजागरीजवळची कड जेमतेम हलते आणि कडीची बाजू हातभर फिरते, तसंच इथं होतं. खुर्चीचा माथा चार इंच मागे आला तरी मागच्याच्या गुडघ्याच्या उंचीवर पाठ इंचभरही सरकत नाही. म्हणून "खुर्ची मागे आली आणि माझे गुडघे अडकले" या तक्रारीत बहुतेक वेळा खरा दोष ओळीच्या अंतराचा असतो. पुढचा रेलला म्हणून जे जातं, ते वरचं. तोंडासमोरची मोकळीक जाते, पडदा जवळ येतो, आणि लॅपटॉपची वर उभी बाजू पाठीच्या खाचेत सापडून तुटूही शकते. बऱ्याच खुर्च्यांत टेबलाचे दांडे खालच्या सांगाड्याला धरलेले असतात, म्हणून पाठ मागे आली तरी टेबल जागच्या जागी सपाट राहतं. आईचंही टेबल हललं नव्हतं. टेबलाच्या पलीकडच्या कडेला पेला ठेवलेला होता आणि पाठीचा धक्का त्याला लागला.

पण रेलायची गरज तरी काय?

"दोन-चार इंचांनी असं काय होतं?" असं म्हणणारे भेटतात. ते बहुधा मुंबई-दिल्लीपुरतंच विमानात बसलेले असतात. ताठ पाठीच्या खुर्चीत धडाचा सगळा भार कमरेच्या मणक्यांवर येतो, आणि डोळा लागला की मान पुढे पडते. पाठ थोडी मागे गेली की भार खुर्चीच्या पाठीवर जातो आणि मानही टेकते. दोन तास ताठ बसून निभतं. सोळा तासांत माणसाला झोपावंच लागतं, आणि साठी-सत्तरीची कंबर असेल तर त्या चार इंचांचं मोल फार मोठं. आईची कंबर मला ठाऊक आहे, त्यामुळे तिच्या पुढच्या प्रवाशानं रेलूच नये असं मी कधी म्हणणार नाही.

याच्या जोडीला पायांचं एक सांगते. चार तासांहून जास्त वेळ एका जागी बसून प्रवास केला, तर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात २००७ साली दिसलं. धडधाकट माणसात तो सहा हजारांत एक, इतका कमीच असतो. पण तो बस-रेल्वेतही असतो आणि खुर्ची मागे घेऊन टळत नाही. त्यासाठी दर दोन-एक तासांनी उठून चार पावलं चालायचं, आणि बसल्या जागी टाचा वर-खाली करायच्या.

एक बांध, दोन सातबारे

आता मूळ मुद्दा. बांधावरून भाऊ-भाऊ कोर्टात गेलेले आपण पाहिलेत. प्रत्येक जण म्हणतो, बांध माझा, यानं कोरला. पण समजा तलाठ्यानंच ती हातभर पट्टी दोघांच्याही सातबाऱ्यावर चढवली असेल, तर? मग दोघांकडेही कागद आहे, दोघेही खरं बोलतात आणि भांडण जन्मभर मिटत नाही.

विमानात नेमकं हेच झालं आहे. पुढच्या प्रवाशाला कंपनी सांगते, तुझी खुर्ची मागे जाते, हे बघ बटण. मागच्याला सांगते, तुझ्यासमोर टेबल आहे, पडदा आहे, बसून जेव, काम कर. मधली चार इंच हवा एकच, आणि ती दोघांच्याही तिकिटात धरलेली. ओळी ऐसपैस होत्या तेव्हा हे कोणाला जाणवत नव्हतं. अंतर आवळत गेलं आणि दोन्ही हक्क एकमेकांवर चढले. म्हणून पुढचा उद्धट किंवा मागचा कुरकुऱ्या ठरवण्याआधी ही पट्टी दोनदा कोणी विकली ते बघावं, असं मला मनापासून वाटतं.

ही भांडणं कुठवर गेली, तेही पाहा. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेत नेवार्कहून डेन्व्हरला निघालेल्या युनायटेडच्या विमानात एका प्रवाशानं पुढची खुर्ची मागे येऊच नये म्हणून टेबलाच्या दांड्यांना प्लास्टिकच्या पाचरी लावल्या. 'नी डिफेंडर' नावानं त्या विकतच मिळत. पुढच्या बाईनं त्याच्या अंगावर पाणी फेकलं आणि विमान वाटेत शिकागोला उतरवावं लागलं. त्यानंतरच्या आठ-नऊ दिवसांत खुर्चीच्याच भांडणापायी आणखी दोन विमानं भलतीकडे उतरवली गेली. २०२० साली मागचा माणूस पुढच्या बाईच्या खुर्चीला सतत ठोसे मारतोय असा व्हिडिओ जगभर फिरला. तेव्हा डेल्टा कंपनीचे प्रमुख एड बॅस्टियन म्हणाले की रेलायचा हक्क प्रवाशाला आहे, पण आधी मागच्याला विचारणं योग्य. सल्ला चांगला आहे. पण तो जागा विकणाऱ्यानंच द्यावा आणि निस्तरायचं प्रवाशांनी, हे मला पटत नाही.

"बटण दिलंय, मी दाबणार"

हा सगळ्यात मोठा आक्षेप आणि तो पोकळ नाही. बटण दिलं आहे म्हणजे वापरायची परवानगी आहेच. पण हक्क आहे एवढ्यावर गोष्ट संपते का, याचा विचार रोनाल्ड कोस नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९६० सालीच करून ठेवला आहे. १९९१ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. त्यांचं उदाहरण तर आपल्याच शिवारातलं वाटेल. एकाची ढोरं, शेजारच्याचं पीक. ढोरं पिकात शिरली तर शेतकऱ्याचं नुकसान. ढोरं ठेवायचीच नाहीत असं ठरवलं तर गुराख्याचं नुकसान. कोस म्हणाले, नुकसान दोन्हीकडून असतं, एकाला वाचवायला गेलं की दुसऱ्याला लागतं. दोघांना बसून बोलणं सोपं असेल, तर हक्क कागदावर कोणाचाही असो, ज्याला त्या गोष्टीची जास्त गरज आहे त्याच्याकडे ती सौद्यानं जाऊ शकते.

मग विमानात दोघे सौदा का करत नाहीत? अमेरिकेतल्या बुकाफुस्को आणि स्प्रिगमन या कायद्याच्या दोन प्राध्यापकांनी २०१४ साली लोकांना हेच विचारून पाहिलं. खुर्ची मागे घ्यायचा हक्क पुढच्याचा आहे असं धरलं, तर तो सोडायला पुढच्यांनी सरासरी ४१ डॉलर मागितले आणि मागचे १८ डॉलरच द्यायला तयार झाले. सौदा फिसकटला. मग उलटं धरलं, हक्क मागच्याचा. आता रेलण्यासाठी पुढचे फक्त १२ डॉलर देत होते आणि मागचे ३९ मागत होते. खुर्ची तीच, इंच तेवढेच. हक्क ज्याच्या हाती दिला त्याला तो जड वाटू लागला. वाडवडिलांची दीड एकर विकताना आपण एक भाव सांगतो आणि शेजारची तसलीच दीड एकर घेताना त्या भावाला नाक मुरडतो, तसंच हे.

मला सगळ्यात आवडलेला भाग पुढे आहे. पैशांऐवजी मागच्यानं एखादं पेय किंवा खाऊ घेऊन देऊ केला तर खुर्ची सरळ ठेवाल का, असं विचारल्यावर ७८ टक्के लोक हो म्हणाले. रोख पैशाला अडून बसलेली माणसं आपुलकीच्या दोन घासांना राजी झाली. एसटीत शेजारच्याला शेंगा दिल्यावर तो आपणहून खिडकीकडे सरकतो, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

"मग पाठ पक्कीच करून टाका"

तास-दीड तासाच्या उड्डाणाला हे चालण्यासारखं आहे. युरोपातल्या रायनएअरच्या खुर्च्या मागे जातच नाहीत आणि तिची विमानं भरून जातात. पण लांबच्या प्रवासात हा उपाय म्हणजे भांडण मिटवायला बांधच नाहीसा करायचा आणि ती पट्टी तिसऱ्यानंच घ्यायची. पाठ पक्की केली की ओळी आणखी जवळ आणायला कंपनी मोकळी.

हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकनं मधला मार्ग काढून पाहिला होता. मागून खुर्चीचं कवच पक्कं, आणि रेलायचं तर आपलीच गादी पुढे सरकायची. म्हणजे जागा स्वतःच्याच वाट्यातून घ्यायची. न्यायाला धरून होतं, पण बसणाऱ्यांच्या इतक्या तक्रारी आल्या की कंपनीला त्या खुर्च्या बदलाव्या लागल्या.

"सरकारनं नियम करावा"

अमेरिकेच्या संसदेनं २०१८ साली तिथल्या विमान नियामकाला खुर्चीचं किमान माप ठरवायला सांगितलं. लोकांकडून सव्वीस हजारांवर सूचना आल्या. तरीही माप ठरेना म्हणून प्रवासी संघटना न्यायालयात गेली, आणि २०२३ साली तिथेही तिच्या हाती काही लागलं नाही.

आपल्या रेल्वेकडे मात्र बघण्यासारखं आहे. मधल्या बर्थचं भांडण हे अगदी हेच भांडण. मधला बर्थ उघडला की खालच्याला ताठ बसता येत नाही, नाही उघडला तर मधल्याला आडवं होता येत नाही. २०१७ साली रेल्वे बोर्डानं लिहून दिलं की झोपायची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा. बाकीच्या वेळी खालच्या बर्थवर सगळ्यांनी बसायचं. आजारी, अपंग आणि गरोदर प्रवाशांसाठी समजुतीनं घ्या, असंही त्यात म्हटलं. देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला जाणाऱ्या कोणालाही विचारा, वाद पूर्ण थांबले नसले तरी "दहा वाजू द्या की" एवढं म्हणायला माणसाला आधार मिळाला. जागेची वाटणी जमत नव्हती, रेल्वेनं वेळेची केली. विमानात अशी घंटा कोणी लावून दिलेली नाही, पण ती आपली आपण लावता येते.

वेळेची वाटणी, विमानात

उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी पाठ सरळच, इथे चर्चा नाही. अपघात झाला तर निम्मीच दारं वापरून ९० सेकंदांत सगळे प्रवासी बाहेर काढता आले पाहिजेत, अशी विमानाची परीक्षा घेतलेली असते. कललेली खुर्ची मागच्या ओळीची वाट अडवते.

जेवणाची गाडी वाटेत दिसली की पाठ सरळ करायची आणि ताटं उचलेपर्यंत तशीच ठेवायची. पुढच्यानं नाही केली तर वर घंटीचं बटण असतं, ते दाबून कर्मचाऱ्यांना सांगायचं. त्यांना याची सवय असते आणि जेवणापुरती खुर्ची सरळ करायला ते आपणहूनही सांगतात. त्या दिवशी मी घंटी दाबली नाही, आईचं लुगडं टिपत बसले. ती चूक माझी.

जेवण झालं, दिवे मंद झाले की रेलायला हरकत नाही. लांबच्या रात्री सगळी रांग एकामागे एक रेलली की प्रत्येकाला पुढून गेलेलं मागे परत मिळतं. अडचण होते ती शेवटच्या ओळीची, आणि संकटकाळच्या दारापुढच्या ओळीची. तिथली पाठ बहुधा मागे जात नाही, त्यामुळे आई-वडिलांसाठी जागा निवडताना या दोन ओळी टाळा. अगदी पहिल्या, भिंतीमागच्या ओळीत पुढे कोणी नसतं. पण तिथे पायाशी पिशवी ठेवता येत नाही, उड्डाणाच्या वेळी औषधांची पिशवीसुद्धा वर टाकावी लागते.

बटण दाबायचं तेही हळू. आधी वळून मागे बघायचं. टेबलावर गरम चहा आहे का, लॅपटॉप उघडा आहे का, मांडीवर लेकरू आहे का. मग हातानं पाठ धरून थोडी थोडी मागे सोडायची. आणि मागच्यानंही एक सांभाळायचं. उठताना पुढच्या खुर्चीचा माथा धरून उठायचं नाही, स्वतःच्या खुर्चीच्या हातांवर जोर द्यायचा. पुढचा झोपलेला माणूस त्या झटक्यानं दचकून उठतो. गुडघ्यानं ढोसणं, लाथा मारणं हे तर चालणारच नाही. आपल्या देशातल्या २०१७ च्या नियमांप्रमाणे विमानात असं शारीरिक गैरवर्तन करणाऱ्यावर सहा महिन्यांपर्यंत प्रवासबंदी येऊ शकते.

"आम्हाला इंग्रजी कुठं येतं?"

हा आक्षेप आमच्या गल्लीतल्या बायकांचा आहे. विचारायचं म्हणजे कोणत्या भाषेत? आईनंही परतीच्या आधी मला हेच विचारलं होतं, आणि मी तिला "एक्सक्यूज मी" पाठ करायला लावलं. ते ती ऐनवेळी विसरली.

परतीच्या विमानात तिच्या मागे एक गोरा तरुण लॅपटॉप उघडून बसला होता. जेवणं उरकली, दिवे मंद झाले. आई खुर्चीत अर्धवट वळली, त्याच्याकडे पाहून हात जोडले, मग एक हात गालाला लावून मान कलती केली आणि दुसऱ्या हातानं मागे, असं दाखवलं. "कंबर दुखायली बाबा," ती मराठीतच म्हणाली. त्यानं लॅपटॉप मिटून मांडीवर घेतला आणि हसून मान हलवली. आईनं बटण दाबलं, चार बोटं मागे जाऊन थांबली आणि पुन्हा वळून त्याच्याकडे पाहिलं. तो आणखी या, अशी खूण करत होता.

पहाटे मला जाग आली तेव्हा नाश्त्याची गाडी अजून पाच-सहा ओळी पुढे होती. आईची खुर्ची सरळ झालेली होती आणि ती चष्मा पुसत बसली होती.